माझा अनुभव: गळका स्ट्रट, वॉरंटी आणि जॉबकार्ड

गाडीतला आवाज सर्व्हिस सेंटरला पटवून देणं फार अवघड. दिवा लागला, एसी गार होईना, काच अडकली, तर दाखवता येतं. 'पुढून डावीकडून टकटक येते' म्हटलं की समोरचा मुलगा मान डोलावतो आणि जॉबकार्डावर, म्हणजे तक्रार आणि काम लिहायच्या कागदावर, 'जनरल चेकअप' लिहून मोकळा होतो. माझ्या हॅचबॅकचा पुढचा डावा स्ट्रट (स्प्रिंग आणि तिचं डुलणं थांबवणारा शॉकअप, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, एकत्र असतो तो भाग) वॉरंटीत बदलून मिळाला, पण तिथवर पोचायला बरंच काही करावं लागलं. शॉकअपच्या तक्रारी घेऊन फिरणारे बरेच जण भेटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी चिपळूणची, माहेर कराडचं. त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचाच. शिवाय मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आमच्याकडे इतकी वर्षं चाललं की डायव्हर्जन म्हणजेच रस्ता, अशी आमची समजूत झालेली. गाडीनं दुसरा पावसाळा काढला आणि आवाज सुरू झाला. गंमत अशी की मोठ्या खड्ड्यात काहीच नाही. पेव्हर ब्लॉकवरून, खरवडलेल्या डांबरावरून हळू जाताना मात्र टकटक. घाट उतरताना ब्रेक दाबला की नाक नेहमीपेक्षा जास्त खाली जायचं, आणि उंचवटा ओलांडल्यावर गाडी एकदा बसून शांत न होता आणखी दोनदा डुलायची. पोफळीच्या बाजूच्या वळणांवर मागे बसलेल्या सासूबाईंना उलटीसारखं व्हायला लागलं, तेव्हा घरच्यांनाही पटलं की हा माझ्या कानांचा दोष नाही.

सर्व्हिस सेंटरनं ट्रायल मारली ती महामार्गाच्या नव्या, गुळगुळीत काँक्रीटवर. तिथं कुठल्या गाडीचा आवाज येणार? 'नॉर्मल आहे मॅडम.' मी पुन्हा गेले तेव्हा लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधले छोटे जोडदांडे, बदलले, आणि ते 'वेअर अँड टेअर' म्हणून माझ्या खिशातून. इथं त्यांची बाजूही सांगते: बारीक खड्ड्यांवरच्या टकटकीत पहिला संशय लिंक रॉडवरच जातो, आणि तो बरोबरही होता. आवाज निम्मा झाला. पण डुलणं होतं तसंच राहिलं.

खरं निदान झालं कराडला, चाकांची अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत बसवायचं काम) करणाऱ्या दुकानात. त्या पोरानं मशीन लावायच्या आधी डाव्या टायरवरून तळहात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. एके ठिकाणी उंच, पुढं खोल, परत उंच. "अलाइनमेंट गेली असती तर एकच कड सरळ घासली असती ताई. ह्यो टायर उड्या मारत पळतुया. शॉकअप बघा आधी." चाक काढून त्यानं स्ट्रटवरचा रबरी डस्ट बूट वर सरकवला. आतला दांडा आणि खालची नळी तेलकट, त्यावर लाल धुळीचा लेप. उजवीकडचा कोरडा. मी दोन्हींचे फोटो काढले. अलाइनमेंट त्यानं केलीच नाही. म्हणाला, शॉकअप बदलल्यावर परत करावीच लागणार, आत्ता पैसे कशाला घालवताय.

चिपळूणला आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत, जुने मिस्त्री. त्यांनी नीट समजावलं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम फक्त स्प्रिंगचं नाचणं थांबवायचं: आतला पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जाताना अडतं आणि उसळीची ताकद उष्णतेत जाते. तेल गळालं की ही अडवणूक संपते आणि चाक रस्त्यावर टेकायच्या ऐवजी उडत राहतं. म्हणजे नुसता गचक्यांचा प्रश्न नाही. खडबडीत रस्त्यावर ब्रेक लागायलाही जास्त अंतर लागतं. पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात तो स्ट्रट. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही १९४०च्या दशकातली रचना आज जवळजवळ प्रत्येक छोट्या गाडीत आहे. स्टिअरिंग फिरवलं की हा अख्खा स्ट्रटच फिरतो, म्हणून वरच्या माउंटिंगमधली बेअरिंग गेली तरी आवाज येतो. चाचांनी गाडी उभी ठेवून मला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं आणि स्वतः स्प्रिंगवर हात ठेवला. माउंटिंग ठीक होतं. बॉनेट दाबून सोडायची परीक्षाही केली, पण स्वतःच म्हणाले, "यावर भरवसा नको ठेवू बेटा. अर्धा मेलेला शॉकअपपण यात पास होतो."

फोटो घेऊन परत सर्व्हिस सेंटर. आता आवाजाचा विषय संपला आणि तेलाचा सुरू झाला. अॅडव्हायजर म्हणाला, हे लीकेज नाही, 'स्वेटिंग' आहे. हा शब्द काही त्याच्या मनचा नव्हता. दांडा वरखाली होताना सीलमधून तेलाची पुसट झाक येते, ती कंपन्या दोष धरत नाहीत. त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, मग पुसून द्या, मी गाडी चालवते आणि परत आणते. फोरमन वयानं मोठे, समजूतदार. त्यांनी दोन्ही स्ट्रट माझ्यासमोर स्वच्छ पुसले आणि मी तो पुसल्याचा फोटो घेतला. कराडला जाऊन आल्यावर डावी नळी खालपर्यंत ओली, उजवी कोरडीच. स्वेटिंग तिथंच संपलं.

मग शेवटचा बचाव आला: 'रस्ते खराब आहेत मॅडम, वॉरंटीत बसणार नाही.' मी वॉरंटीचं पुस्तक उघडून ठेवलं होतं. त्यात अपघात, आदळल्यानं झालेलं नुकसान आणि गैरवापर वगळलेले होते; खराब रस्त्याचा उल्लेख कुठंही नव्हता. रिमला पोचा नव्हता, स्ट्रटचा दांडा सरळ होता, बूट फाटलेला नव्हता. आदळल्याची खूण दाखवा, म्हटलं. आपल्याकडे डावं चाक रस्त्याच्या कडेला जास्त मार खातं हे मलाही कळतं. पण भारतात विकलेली गाडी भारतातल्या रस्त्यावर चालणार नाही तर कुठं? हे मी जरा मोठ्यानं बोलले, हे खरं.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडलं ते जॉबकार्ड. 'जनरल चेकअप' खोडायला लावलं आणि माझं वाक्य लिहून घेतलं: 'डाव्या पुढच्या स्ट्रटमधून तेलगळती, पुसून तपासल्यावर पुन्हा गळती, डाव्या टायरची असमान झीज.' खाली किलोमीटर रीडिंग. त्या मुलाला ते आवडलं नाही, पण त्यानं लिहिलं. आधीच्या जॉबकार्डांच्या प्रतीही मागून घेतल्या, कारण तक्रार वॉरंटीच्या मुदतीत पहिल्यांदा केव्हा केली हे त्यांवरूनच सिद्ध होतं.

हे सगळं स्कॅन करून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला. माझा चुलतभाऊ वकील आहे. तो म्हणाला, धमकी लिहू नकोस, तारखा लिही. बाकी वाट त्यानं सांगून ठेवली होती: आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, मुदत दोन वर्षांची, आणि पाच ते दहा लाखांच्या गाडीला फी दोनशे रुपये. माझी गाडी त्यातच बसते. हे माहीत असल्यानं निदान फोनवर आवाज चढवायची वेळ आली नाही.

कंपनीचा इंजिनिअर आला. त्याला मी काँक्रीटवर जाऊ दिलं नाही. बाजारपेठेतल्या पेव्हर ब्लॉकवरून नेलं. गाडी रॅम्पवर घेतल्यावर त्यानं बूट वर केला आणि डावा स्ट्रट मंजूर केला. फक्त डावा. शॉकअप जोडीनं बदलायचे असतात, नाहीतर एका बाजूला नवा आणि एका बाजूला दमलेला असं होऊन गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. हे त्यालाही मान्य होतं, पण 'उजव्यात दोष नाही' यावर तो ठाम. उजवा मी पैसे भरून घेतला, तीन हजारांच्या आसपास. बाहेर लोकल निम्म्यात मिळत होता; एका बाजूला ओरिजिनल आणि दुसरीकडे लोकल ही जोडी मला पटेना. बंप स्टॉप (दांड्यावरचा रबरी ठोकळा) आणि बूटही नवे घातले, तेवढ्यासाठी परत स्ट्रट खोलण्यात शहाणपण नाही. काम होताना मी उभी राहून पाहिलं. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून दाबलेली स्प्रिंग पाहिल्यावर हे काम घरी करायचे व्हिडिओ लोक का टाकतात, असा प्रश्न पडला. ती सुटली तर माणूस जायचा.

अलाइनमेंट करून घाट चढले. डुलणं गेलं, टकटक गेली. पण साठच्या पुढं घूं-घूं येतच होती, आणि मी पार खचले. चाचांनी टायर मागे-पुढे बदलल्यावर आवाजही मागे गेला. म्हणजे स्ट्रट ठीक, वाकडे झिजलेले टायरच बोलत होते. ते काही परत गोल होत नाहीत.

टायरचे पैसे मागितले तर उत्तर आलं की टायरची वॉरंटी टायर कंपनीची. टायर कंपनीचा माणूस म्हणाला, टायरमध्ये दोष नाही, झीज सस्पेन्शनमुळे आहे. मी ते त्याच्याकडून लेखी घेतलं आणि दोन नव्या टायरच्या बिलासोबत पुन्हा मेल केला. अजून उत्तर नाही. महिनाअखेरपर्यंत वाट बघून १९१५ला फोन लावणार आहे.