चीनमधला घटस्फोट आणि ते ३० दिवस

चीनच्या नागरी संहितेतलं कलम १०७७ आज दिवसभर डोक्यात घोळतंय. १९५० च्या विवाह कायद्याने तिथल्या बाईला मर्जीने लग्न करायचा आणि मोडायचाही हक्क दिला. १ जानेवारी २०२१ पासून मात्र संमतीने वेगळं व्हायचं तरी अर्जानंतर ३० दिवस थांबावं लागतं. त्या काळात दोघांपैकी कुणीही एकट्याने अर्ज मागे घेऊ शकतं. पुढच्या ३० दिवसांत दोघांनी स्वतः जाऊन प्रमाणपत्र मागितलं नाही, तरी अर्ज बाद. नवरा फिरकलाच नाही, की उरतं फक्त कोर्ट. मारहाण सोसणारीने तोवर राहायचं कुठे?

कलम १०८८ मात्र मोलाचं आहे. घरकाम, मुलं, म्हातारी माणसं यांचा जास्त भार उचलणाऱ्याला घटस्फोटाच्या वेळी भरपाई मागता येते. २०२१ मध्ये बीजिंगच्या एका कोर्टाने पाच वर्षांच्या संसारापोटी बायकोला ५०,००० युआन दिले. फार कमी दिले!