बोअरचं पाणी

दुपारी गीझरवाला येऊन गेला. जुनी कॉइल त्यानं वर्तमानपत्रावर काढून ठेवली आणि म्हणाला, "ताई, ही बघा." बघते तर कॉइल कुठं दिसेचना. मनगटाएवढा जाड, पिवळट पांढरा दगड होता नुसता. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं ठोकलं, तसे कपचे उडाले आणि आतून कुठं तरी तांब्याची लाल रेघ दिसली. "बोअरचं पाणी ना? मग आधी हा दगड तापतो, मग तुमचं पाणी. बिल येतंय ते याचंच." एवढं सांगून तो पुढच्या विंगमध्ये गेला. तिथंही हेच काम होतं. वाघोलीत गीझर दुरुस्त करणाऱ्याला मरण नाही.

मी ते कपचे लगेच टाकले नाहीत. का, ते विचारू नका. एकावर लिंबू पिळलं तर छान फसफसला. शाळेत ‘दुष्फेन पाणी’ म्हणून एक धडा होता, त्यातलं हे सगळं मी दोन मार्कांसाठी पाठ केलेलं आहे. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कार्बन डायऑक्साइड सोडून देतं, उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट जिथं जागा मिळेल तिथं बसतं. आमच्याकडं त्याला जागाच जागा. चहाच्या पातेल्याच्या बुडाला पापुद्रे, शॉवरच्या निम्म्या भोकांत खडे (उरलेल्यांपैकी एक धार थेट आरशावर), नळाच्या तोंडाला पांढरी दाढी. बाथरूमला काचेचं दार बसवून घ्यायची हौस ज्यांनी केली, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ती काच आता दुधी आहे.

पण खरं दुखणं डाळीचं.

तूर डाळ बोअरच्या पाण्यात शिजत नाही, नुसती तापते. कुकरच्या चार शिट्ट्या काढा, सहा काढा, झाकण उघडलं की डाळ एकीकडं आणि पाणी एकीकडं. डाळीच्या दाण्याला धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं, त्याला पाण्यातलं कॅल्शियम जाऊन चिकटतं, मग तो दाणा काही केल्या मऊ पडत नाही. रवीनं घोटा, पळीनं ठेचा, वरणाला कणी राहणारच. वरण एकजीव नसेल तर त्यावर तूप घालण्यात काय अर्थ आहे? म्हणून आमच्या इमारतीत डाळ आणि भात आरओच्या पाण्यात शिजतात. प्यायच्या पाण्यात डाळ. आणि आरओ जे खारट पाणी बाहेर टाकतो ते बादलीत धरून त्यानं फरशी पुसायची, मग फरशीवर उमटलेले पांढरे पट्टे साध्या पाण्यानं पुसायचे, म्हणजे परत बोअरच्याच.

माझ्या आजोळी, राहुरीच्या पुढं एका वस्तीवर, हा प्रश्न आजीनं केव्हाच निकालात काढला होता. दारातली विहीर मचूळ होती. जनावरं, धुणं, भांडी सगळं तिच्यावर. डाळीचं पाणी मात्र ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीचं. पिण्याचं पाणी असं कोणी म्हणतच नसे, डाळीचंच पाणी म्हणत. सुट्टीत ती कळशी आणायचं काम आम्हा पोरांकडं. वाटेत अर्धी सांडायची. एकदा मामेभावानं सांडलेली भर दारातल्या विहिरीतून घालून कळशी पुन्हा काठोकाठ केली. आजीनं कळशीकडं पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी आमटी वाढताना तिनं पळी पातेल्यात फिरवली, थांबली, आणि म्हणाली, "दारचं पाणी कुणी घातलं रं?" त्या रात्री त्याला आमटीतलं नुसतं वरचं पाणी मिळालं. फारच अडलं तर ती चिमूटभर खायचा सोडा टाकायची, पण तोंड वाकडं करून. सोड्यानं डाळ मऊ होते, चव जाते, असं तिचं म्हणणं.

आता आजीच्या पळीच्या जागी टीडीएस मीटर आला आहे. आमच्याकडं येणारा पाहुणाही तो खिशात घेऊन येतो की काय, असं वाटावं इतका. पेनासारखं ते यंत्र ग्लासात बुडवायचं आणि आकडा वाचून एकमेकांकडं गंभीरपणे बघायचं. वास्तविक टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे तो मीटर सांगत नाही. सोसायटीनं प्रयोगशाळेतून रीतसर तपासून आणलं. भारतीय मानकात काठिण्य, म्हणजे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावं, असं आहे. आमचा आकडा या दोन्हीच्या मधे. म्हणजे चालवून घेण्यातलं.

तरी केस गळण्याचं सगळं खापर बोअरवर फुटतंच. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ वाघोलीला राहायला आल्यापासून आपलं टक्कल पडलं असं शपथेवर सांगतात. त्यांच्या हॉलमध्ये वडिलांचा हार घातलेला फोटो आहे. मी काही बोलत नाही.

कोथरूडला बहिणीकडं गेलं की हात धुताना साबण जाता जात नाही. बोटं गुळगुळीतच राहतात, मी आपली धुतेच आहे. तिकडं खडकवासल्याचं पाणी. सह्याद्रीवर पडलं, ओघळलं, धरणात आलं, दगडात मुरायला त्याला फुरसत मिळालेली नसते. बहिणीच्या कुकरला तीन शिट्ट्या पुरतात आणि तिला त्याचं काहीही वाटत नाही.

वाघोली 2021 साली पुण्याच्या हद्दीत आली. आमच्या इमारतीला मात्र अजून बोअर आणि टँकर. बिल्डरनं पहिली बोअर तीनशे फुटांवर मारली होती, ती आटली. मग पाचशेची झाली. ती मार्चातच धापा टाकायला लागते. परवा पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून पार्किंगमधून फिरला आणि जनरेटरपाशी नारळ उभा राहिला. सातशेच्या पुढं जावं लागेल म्हणाला. आपला काळा पाषाण भेगाभेगांतून पाणी धरतो. जितकं खोल तितकं ते जुनं, दगडाला जास्त काळ लागून राहिलेलं, त्यामुळं साधारणपणे क्षारही जास्त. मीटिंगमध्ये हे कोणी काढलं नाही. सातशे फुटांखालचं पाणी संपल्यावर काय, हेही नाही. सॉफ्टनर कोणता घ्यायचा, त्याला मीठ किती गोणी लागेल आणि ते कोणाच्या पार्किंगमध्ये ठेवायचं, यावर तासभर बोलणं झालं. ठराव मंजूर झाला. बोअरची गाडी पुढच्या आठवड्यात येतेय, जनरेटर हलवून ठेवायला सांगितलाय.