थोडंसंच घे की

मंगळवार, रात्री

आज पाचवा दिवस. ओठांची सूज कधीच उतरली, पण हात अजून आपोआप ओठांकडं जातो. संध्याकाळी भाकरी मोडताना यांनी पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?" काही नाही म्हटलं. झालेलं सगळं लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही असं वाटतंय.

गुरुवारी माहेरी गेले होते, खानापूर तालुक्यात. वैनीनं ओल्या काजूगरांची उसळ केली होती. घरामागच्या उतारावर आमची आठ-दहा काजूची झाडं आहेत. लहानपणी सुट्टीत आम्ही तिथंच बिया भाजायचो. टरफलाचा चीक उडून ओठ आणि बोटं उतायची, आठ-आठ दिवस सालपटं निघायची, तरी दुसऱ्या दिवशी परत जाळ पेटवायचो. त्या झाडांचे गर मी ४७ वर्षं खात आले. त्या दिवशीही दोन वाट्या उसळ खाल्ली. गुडघा ठणकत होता म्हणून जेवायच्या आधी एक दुखण्याची गोळी घेतली होती, तेवढंच काय ते वेगळं.

तीनच्या सुमाराला निघालो. खानापूरच्या जवळ येतोय तोवर तळहात खाजायला लागले. मग कानाच्या आत खाज सुटली, घशाच्या वरच्या बाजूला सुटली, बोट पोचणार नाही अशा जागी. हातांवर गांधी उठल्या. यांनी रस्त्यावरच्या एका मेडिकलसमोर गाडी थांबवली. दुकानदारानं काचेतूनच बघितलं, "पित्त उठलंय, उन्हाचं" म्हणाला आणि एक गोळी दिली. मलाही ते पटलं. गांधी उठल्या की पित्त, आणि पित्तावर आमसूल चोळायचं, हे ऐकतच वाढलेय मी. घरी गेल्यावर आमसूल भिजवायचं असं मनात ठरवूनही टाकलं.

पाच मिनिटांत पोटात कळ आली. यांना हाक मारली तर तोंडातून भलताच आवाज निघाला, जाड, घोगरा. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखं वाजत होतं. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि आता आपण जाणार अशी खात्रीच पटली. घाबरणं म्हणतात ते हे नव्हे. आत कुणीतरी तसं सांगत होतं. डॉक्टर नंतर म्हणाले की ही भावनासुद्धा या दुखण्याचं एक लक्षण आहे.

वाटेतल्या एका लहान दवाखान्यात यांनी मला जवळजवळ उचलूनच नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फक्त एकच विचारलं, "काय खाल्लं?" काजू म्हणताच त्यांनी कपाटातून तपकिरी काचेची बारकी कुपी काढली, तिची मान मोडली, सुईत औषध भरलं आणि माझ्या मांडीत साडीवरूनच टोचलं. अ‍ॅड्रेनलिन, अर्धा मिली. छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले आणि थोड्याच वेळात घसा मोकळा होत गेला. मी उठून बसायला गेले तर त्यांनी खांदा दाबून धरला. "उठू नका मावशी, पडूनच असा. उठलात की बीपी एकदम पडतं." पायांखाली दोन उशा ठेवल्या.

तिथून बेळगावला मोठ्या दवाखान्यात रात्रभर ठेवलं. मला ते उगाच वाटत होतं, कारण सहा वाजेपर्यंत मी बरी झाले होते. साडेनऊला परत तळहात खाजले, परत गांधी उठल्या. असं काही तासांनी उलटून येतं, म्हणूनच ठेवून घेतात, हे तेव्हा कळलं.

सकाळी मोठ्या डॉक्टरांनी बसून समजावलं. अ‍ॅलर्जी कुठल्याही वयात सुरू होते, इतकी वर्षं खाल्लं याचा काही उपयोग नाही. दुखण्याच्या गोळीनं त्यात भर पडली असू शकते. काजूबरोबर पिस्ताही बंद, दोन्ही एकाच घराण्यातले. आंबाही त्याच घराण्यातला, पण गर खायला हरकत नाही म्हणाले, तेव्हा जीव भांड्यात पडला. मेडिकलमधली गोळी खाजेपुरती ठीक, मिटत चाललेला घसा आणि पडत चाललेलं बीपी ती सावरत नाही. आणि एक वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. "थोडंसं खाल्लं म्हणून थोडंसंच होईल, असं नसतं."

ते "थोडंसं" मला लागलं. कारण तो शब्द माझाच आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कन्नड कुटुंब राहतं. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत. आता बेळगावात शेंगदाणे न चालणं म्हणजे काय! चटणी शेंगांची, पोळी शेंगांची, भाजीत कूट, वर घाण्याचं शेंगतेल. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला मी वर शेंगांच्या पोळ्या पाठवल्या, तर डबा तसाच परत आला. मला राग आला होता. नंतर त्याची आई प्रत्येक वेळी विचारायची, "अक्का, शेंगा घातलाय काय ह्यात?" आणि मी यांना म्हणायचे, किती ते कौतुक एकेका पोराचं. एकदा तर तिच्या तोंडावर बोलले, "थोडंसंच दे की त्याला, सवय होईल."

मागच्या श्रावणात तो पोरगा आमच्याकडं जेवायला बसला. तिनं विचारलं, मी नाही म्हटलं. काकडीच्या कोशिंबिरीत दोन चमचे कूट होतं. मी खोटं बोलले नव्हते, आणि हेच मला आता जास्त छळतंय. मला ते शेंगा वाटलंच नव्हतं. कूट म्हणजे कूट, मीठ घालावं तसं हात आपोआप घालतो. अर्ध्या तासात त्याला उलट्या सुरू झाल्या, डोळे सुजून मिटले, त्याला घेऊन ते दवाखान्यात पळाले. दुसऱ्या दिवशी ती मला एक शब्दही लावून बोलली नाही. मी मात्र चार जणींत म्हणाले, आजकालची पोरंच नाजूक.

त्या रात्री त्याच्या घशाला काय झालं असेल, ते मला गुरुवारी कळलं.

काल वर गेले. जिन्याच्या पंधरा पायऱ्या चढताना काय बोलायचं ते ठरवलं होतं, दार उघडल्यावर काहीच आठवलं नाही. "माझं चुकलं ग" एवढंच म्हणाले आणि रडायला आलं. तिनं आत नेऊन बसवलं आणि टीव्हीशेजारून स्टीलचा डबा आणला. चहापत्तीचा असावा. आत दोन तपकिरी कुप्या, तीन सुया, कापूस आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. कागदावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिलेलं, कधी टोचायचं, किती टोचायचं, १०८ ला काय सांगायचं. घडीवर कागद फाटला होता, तिथं चिकटपट्टी लावलेली. परदेशात यासाठी पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, आपल्याकडं ते सहज मिळत नाही, म्हणून तिनं डॉक्टरांकडून कुपीतलं औषध भरून टोचायला शिकून घेतलंय. पाण्यावर सराव केला म्हणाली.

मला कागद करून देताना तिनं विचारलं, "तुमचं गोडंबी न्हवं?" मी दचकले. आमच्यात गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात घालतात तो. कन्नडमध्ये गोडंबी म्हणजे काजू. उद्या गोकाकच्या बाजूला कुणी करदंट, तिकडची डिंक-सुकामेव्याची मिठाई, हातावर ठेवला आणि मी "काजू आहे का" विचारलं, समोरच्याला कळलं नाही तर? तिनं मला वाक्य पाठ करायला लावलं, "गोडंबी हाकीरेन्री?" शेंगांचं बरं आहे, मराठीतही शेंगा आणि कन्नडमध्येही शेंगा. तरी माझ्याकडून घोटाळा झालाच.

पाकिटावर अशा पदार्थांची सूचना छापलीच पाहिजे असा २०२० चा नियम आहे, शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, गहू, हे तिच्याकडूनच कळलं. ती दुकानात उभी राहून प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचते. पण वाटीतून येणाऱ्या उसळीला मागची बाजू नसते. तिथं माणसालाच विचारावं लागतं, आणि ते माणूस म्हणजे माझ्यासारखं.

आईला फोनवर सांगितलं तर तिला पटेना. "पिढ्यान् पिढ्या खातोय आपण, काजूनं काय होतंय?" मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "बिब्बासुद्धा एकाला उततो, एकाला नाही. तसंच काय हे?" डॉक्टरांच्या हिशोबात दोन्ही वेगळं असेल. मी म्हटलं, "तसंच, आई."

शुक्रवार

चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. वरच्यांना मुद्दाम बोलावलं होतं, पोरासकट. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. डाळीत कूट पडतच नाही, म्हणून निर्धास्त होते. डाळ वाटून झाली, फोडणी ओतली, आणि वर द्यायला कागदावर काय काय घातलं ते लिहायला बसले. हरभऱ्याची डाळ, कैरी, हिरवी मिरची, मीठ, साखर, मोहरी, हिंग, हळद, तेल. तेल लिहिताना हात थांबला. घाण्यावरचं शेंगतेल.

सगळी डाळ बाजूला काढली. बायका यायला तास होता. परत डाळ भिजवायला वेळ नव्हता, पण सकाळी भिजवलेल्यातली वाटीभर शिल्लक होती. मिक्सरचं भांडंही नको वाटलं, त्यात रोज कूट होतं. पाटा-वरवंटा बाहेर काढून गरम पाण्यानं दोनदा धुतला. समोरच्या दुकानातून सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी आणली, नवी कढई काढली. वाटीभरच डाळ झाली, थोडी जाडसर.

पोरगा आला आणि दारातच विचारलं, "मावशी, शेंगा?"

"कूट नाही, तेलही शेंगांचं नाही. भांडी वेगळी आहेत," असं म्हणून कागद त्याच्या आईच्या हातात दिला. तिनं उभ्यानंच पूर्ण वाचला. मग मान हलवली.

तो खायला लागला. ती त्याच्या ओठांकडं बघत होती. मीही बघत होते.