तुम्ही विचारलंत म्हणून: हे जिवाणू अजून प्रयोगशाळेतच का?

‘आर्सेनिक दिसताच उजळणारे जिवाणू तुमच्याकडे आहेत, मग ते पाण्याच्या तपासणीत कुठेच का दिसत नाहीत?’ या प्रश्नावर ‘परवानग्यांमुळे अडते’ एवढे सांगून मी वर्षानुवर्षे सुटका करून घेतली. अडते, हे खरेच आहे. पण नॅप्थलीन (डांबरगोळ्यांतले रसायन) ओळखून प्रकाश देणारा, जनुकीय बदल केलेला स्यूडोमोनास हा जिवाणू १९९० मध्ये जगासमोर आला आणि १९९६ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथे रीतसर परवानगीने, बंदिस्त टाक्यांतील मातीत का होईना, सोडलाही गेला होता. परवानगी ही माझी सोयीची ढाल होती.

खरे कारण मला एका नमुन्याने शिकवले. आमच्या ई. कोलाय या जिवाणूमध्ये आर्सेनिक आत शिरले की आर्सआर हे प्रथिन डीएनएवरून सुटते आणि प्रकाशाची जनुके चालू होतात. त्या दिवशी तपासणीच्या ताटलीतला, एका नमुन्याचा खळगा जवळजवळ काळाच राहिला. मी ‘आढळले नाही’ असे लिहून सही केली. रासायनिक तपासणीत मात्र त्याच पाण्यात पिण्याच्या पाण्यासाठीच्या लिटरला १० मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या कितीतरी पट आर्सेनिक निघाले, सोबत भरपूर तांबेही. नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा लावला, तेव्हा त्याचा खळगा झगझगीत उजळला. मूळ पाण्यात पेशी गप्प नव्हत्या, मरत होत्या. आर्सेनिक असो वा नसो, सतत प्रकाश देणारा नियंत्रण वाण शेजारी असता तर हे तेव्हाच कळले असते; चार नमुने जास्त बसावेत म्हणून तो मीच काढला होता.

‘यंत्र एकूण आर्सेनिक मोजते, पेशी मात्र सजीवाला प्रत्यक्ष भिडणारे तेवढेच सांगते,’ असे मी व्याख्यानांत मोठ्या तोऱ्याने म्हणत असे, आणि ते आजही मला चूक वाटत नाही. पण लोहाच्या कणांना चिकटलेले जे आर्सेनिक पेशीला दिसत नाही, ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात सुटणार नाही, याची हमी कोण देणार? तेव्हाच्या मला हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी चिडलो असतो. आताही थोडा चिडतोच.

आता प्रत्येक नमुना तीन वेगवेगळ्या प्रमाणांत पातळ करून आणि नियंत्रण वाणासह लावतो. त्यामुळे ताटलीत पूर्वीच्या निम्मेसुद्धा नमुने बसत नाहीत, आणि ‘स्वस्त व झटपट’ हे शब्द मी माहितीपत्रकातून अजून खोडलेले नाहीत.