कात्री लागली, आता मला होईल का?

कात्रीनं कापलं तर एचआयव्ही होतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "सिस्टर, न्हाव्याचा वस्तरा लागला, रक्त आलं. एचआयव्ही होईल का?" मिरजेत नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, हा प्रश्न काही सुटला नाही. कधी वस्तऱ्याच्या जागी डास असतो, कधी लग्नातला उष्टा ग्लास. (डासानं आणि ग्लासानं होत नाही.)

तासगाव भागातला एक पोरगा आला होता. द्राक्षबागेत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चाललेली. आधी एका गड्याचं बोट कापलं, तीच कात्री ह्यानं घेतली, ह्याचंही कापलं. बोटावर हळद दाबून चिंधी बांधलेली, तीन रात्री झोप नाही. त्या गड्याला आजार आहे का, विचारलं. "काय माहीत. बाहेरगावचा आहे." एवढाच पुरावा!

त्याला म्हटलं, हा विषाणू अंगाबाहेर फार तग धरत नाही. कात्रीच्या पात्याला रक्त लागतं ते पुसटसं, आणि वाऱ्यावर वाळतं. इंजेक्शनची सुई पोकळ, तिच्या पोटात ओलं रक्त राहतं, म्हणून भीती सुईची. तीही केवढी? बाधित पेशंटची सुई टोचली आणि औषध घेतलं नाही, तरी हजारात साधारण तिघांना संसर्ग होतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी शंभरात तिसांपर्यंत गाठू शकतो, पण त्याची चौकशी कुणी करत नाही.

हे हजारात तीन मला तोंडपाठ आहे, कारण एकदा सुईला टोपण लावताना ती माझ्याच बोटात गेली. ग्लोव्हच्या आत लाल ठिपका पसरला. मी बोट पिळायला लागले, तर मोठ्या सिस्टरनी हात ओढून नळाखाली धरला. "पिळू नको, साबणानं धू." एचआयव्ही रोखायच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हव्यात. आमच्याकडं कपाटाची किल्ली ज्यांच्याजवळ ते घरी गेलेले. चार तास गेले. मग २८ दिवस गोळ्या, मळमळ, सासूबाईंना सांगितलं पित्त झालंय. हजारातले ९९७ सुटतात हे ठाऊक होतं. रात्री मात्र ते तीनच दिसायचे. सुटले मी.

चिंधी सोडून पट्टी बांधेपर्यंत पोरगा गप्प होता. मग खाली बघत म्हणाला, "आणि दोन महिन्यांमागं... एका बाईकडं गेलो होतो." निरोध? नव्हता.

वस्तरा, कात्री, डास ही बहुतेकदा अशी प्रस्तावना असते. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर निरोधाचं काम केलं. त्या बायका ह्यावर मोकळं बोलतात. घरंदाज माणसाच्या तोंडून मात्र तो शब्द निघत नाही.

आकडा सांगितला. बाधित बाईकडून पुरुषाला एका संबंधात सरासरी दहा हजारांत चार, पुरुषाकडून बाईला आठ. गुदमार्गानं संबंध घेणाऱ्याला १३८. समोरचा माणूस नियमित औषधं घेत असेल आणि तपासणीत विषाणू सापडण्याइतका उरला नसेल, तर संबंधातून होतच नाही. उलट संसर्ग नवा असला किंवा अंगावर गुप्तरोगाची जखम असली, तर ही सरासरी बाजूला ठेवायची.

पोरानं चार तेवढे धरले. "म्हणजे काहीच नाही की!"

"एका पावसानं द्राक्षावर डावणी रोग येतोच असं नाही," मी म्हटलं, "मग फवारतोस कशाला?"

पहिल्यांदाच हसला. ७२ तास कधीच टळले होते, म्हणून आज एक तपासणी आणि त्या संबंधाला तीन महिने पुरे झाले की पुन्हा एक, असं सांगितलं. फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही, हे दोनदा विचारून घेतलं त्यानं. लग्न ठरलंय का, हे मी विचारलं. ठरलं होतं. "मग दुसरी तपासणी होईपर्यंत थांबव," म्हटलं. चिठ्ठी खिशात घालून तो रांगेत जाऊन उभा राहिला, बोटाची पट्टी तेवढी हातरुमालाखाली लपवून.