मोरीचा आवाज

शनिवार, रात्रीचे अकरा

पाऊस दुपारपासून लागलाय. आज भरती दीडला आहे. चिपळुणात पावसाळ्यात आधी भरतीची वेळ बघायची, ही सवय मला लग्न होऊन इथे आल्यावर लागली, आणि २०२१ नंतर ती अंगातच मुरली.

संध्याकाळचं लिहून ठेवते. चिमीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत होते, तेवढ्यात न्हाणीतली मोरी घुळघुळली. जोराचा पाऊस झाला की बाहेरचं गटार भरतं आणि कोंडलेली हवा मोरीतून वर येते, बाकी काही नसतं. चिमी दचकली. पण तिने न्हाणीकडे बघितलंच नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, दोन क्षण बघत राहिली, आणि मग रडायला लागली.

पूर आला तेव्हा या पोरीचा जन्मसुद्धा झाला नव्हता.

२२ जुलै २०२१. पहाटे मला जाग आली ती याच आवाजाने. उठून न्हाणीत गेले. मोरीची जाळी हलत होती आणि तिच्याखालून झुरळं बाहेर पडत होती, एकामागून एक, भिंतीवर चढत होती. मी चप्पल उचलली, आणि तेवढ्यात जाळी बाजूला सरकून काळं पाणी वर आलं. उंबऱ्याकडून पाणी यायच्या आधी ते मोरीतून घरात शिरलं. पुढच्या तासाभरात सासूबाईंना धरून आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो आणि तो दिवस आणि ती रात्र तिथेच काढली. पाणी उतरल्यावर खाली आलो, तर पंख्याच्या पात्यांवर चिखल होता.

त्याआधी चार पावसाळे मी याच घरात तोच आवाज ऐकत होते. कधी लक्षही गेलं नव्हतं. मला बी. ए. ला मानसशास्त्र होतं, त्यामुळे याला काय म्हणतात ते ठाऊक आहे: अभिसंधान. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचा कुत्रा: खाण्याआधी दरवेळी एक खूण द्यायची, मग नुसत्या खुणेनेही त्याला लाळ सुटते. परीक्षेला हे उत्तर मी पाठ करून लिहिलं होतं. ती खूण आणि खाणं यांची जोडी पुनःपुन्हा जुळवावी लागते, पण जिवावर बेतलं की एकदाच पुरतं, हे मात्र मला मोरीने शिकवलं.

त्याच पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची एक गोष्ट मला पुरानंतर भेटली आणि वाचताना हात गार पडले. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. प्रयोगशाळेच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं, आणि माणसांनी त्यांना कसंबसं बाहेर काढून पोहवत नेलं. कुत्रे वाचले. पण त्यांतल्या काहींचं आधीचं शिकवलेलं सगळं विस्कटलं. पुढे एक कुत्रा हळूहळू पूर्वीसारखा झाला, तेव्हा त्याच्या खोलीच्या दाराखालून थोडंसं पाणी आत सोडून बघितलं. नुसता ओघळ. तो कुत्रा पुन्हा तसाच सैरभैर झाला. मला त्या कुत्र्याला समजवायची गरज वाटली नाही. मला तो कळला.

म्हणून मोरी वाजली की मी धावते. गेली काही वर्षं पावसाळ्यात रोज रात्री मोरीत कापडाचा बोळा कोंबते आणि वर वरवंटा ठेवते. नवरा म्हणतो, अगं, गटाराला वाट नको का? त्याचं बरोबर आहे. बोळ्याने पूर थांबत नाही. पण बोळा घातला की मला झोप लागते, आणि झोप लागली की वाटतं बोळ्यामुळेच काही झालं नाही. बोळा न घालताही काही होत नाही, हे बघायची संधी मी स्वतःला एकदाही दिलेली नाही. भीती इतकी टिकली ती त्यामुळेच. वरवंटा मी पाण्यावर ठेवत नव्हते, भीतीवर झाकण म्हणून ठेवत होते, आणि झाकणाखाली ती जशीच्या तशी राहिली.

आणि चिमी हे सगळं बघत मोठी झाली. रांगत होती तेव्हापासून तिने काय बघितलं असेल? आवाज आला, आईचा चेहरा पांढरा पडला, आई हातातलं टाकून न्हाणीकडे गेली, वरवंटा आणला. तिला पूर सांगायची गरजच पडली नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकात सुझन मिनेका यांनी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला भीत नव्हती. जंगलात वाढलेली माकडं सापाला बघून घाबरताना त्यांनी काही मिनिटं पाहिली, आणि तीही घाबरायला लागली. साप त्यांना कधीच चावला नव्हता. त्याच कामातली दुसरी गोष्ट मला आज जास्त लागली: ज्या माकडांनी आधी न भिणारी माकडं सापाजवळ पाहिली होती, त्यांना पुढे घाबरलेलं माकड दाखवलं तरी ती भीती सहसा लागली नाही. म्हणजे आधी कोणाचा चेहरा दिसतो याला महत्त्व आहे. चिमीला आधी माझा दिसला.

१९२० च्या, वॉटसन या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाचा मला कॉलेजातही राग यायचा, आता आई झाल्यावर तो सहन होत नाही. अकरा महिन्यांचा अल्बर्ट. तो पांढऱ्या उंदराला हात लावायला गेला की त्याच्या डोक्यामागे पोलादी दांड्यावर हातोडा मारला जायचा. मग तो उंदराला घाबरला, सशालाही घाबरला, केसाळ कोटालाही. आणि ती भीती उतरवल्याशिवाय ते मूल तिथून गेलं. एवढं शिकवून तसंच सोडून दिलं! ज्याने भीती घातली त्याने ती उतरवायला बसलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. इथे ती मी घातली आहे.

उतरवायची वाट मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्येच दाखवली होती. पीटर नावाचा लहान मुलगा सशाला भ्यायचा. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यातून लांब ठेवायचा, मग रोज थोडा जवळ. शेवटी तो सशाला आपली बोटं हळूच कुरतडूही द्यायला लागला. न भिणारी मुलंही सोबत असायची.

आज जेवणं झाल्यावर डब्यातून फणसाचं साट काढलं. न्हाणीच्या दारापासून पाच हात लांब पाट मांडला, चिमीला समोर बसवलं, तुकडे करून दोघी खात बसलो. सासूबाईही येऊन टेकल्या. पंधरा मिनिटांनी मोरी वाजली. चिमीने माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटात खड्डा पडला होता, पण साटाचा तुकडा तोडत होते तो तोडला आणि तिच्या हातात दिला. सासूबाई म्हणाल्या, "गटार भरलंय गो, वारा वर येतोय." चिमी रडली नाही. तुकडा तोंडात घातला, पण दुसऱ्या हातात माझा पदर घट्ट होता.

एका दिवसात हे होणार नाही. गेल्या महिन्यात भावाकडे पुण्याला गेलो होतो, तिथे कपडे धुवायच्या मशीनचं पाणी सुटलं तेव्हा चिमी तशीच बिचकली होती. भीती पुसली जात नाही, तिच्यावर दुसरं काहीतरी शिकावं लागतं, आणि ते घराघरात, जागोजागी पुन्हा शिकावं लागतं. पाण्याला भिऊ नको असं मी तिला कधीच सांगणार नाही. वाशिष्ठीकाठी राहणाऱ्या पोरीला पाण्याचा अदमास हवाच; कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी आजही माळ्यावर आहे आणि तिथेच राहील.

ती झोपलीय. मघाशी पुन्हा एकदा मोरी वाजली तेव्हा मी उठून बघून आले, न्हाणीचा दिवा न लावता. जाळी जागेवर होती. बोळा घातला नाही. वरवंटा स्वयंपाकघरात पाट्यावरच आहे.