उरणहून पेंधरला : बेलापूरची मेट्रो पकडायची तर

उरणहून तळोज्याला जायचं म्हणजे पूर्वी अख्खा दिवस मोडायचा. एसटीने पनवेल गाठायचं, तिथून कळंबोलीच्या दिशेने जे मिळेल ते पकडायचं आणि पुढे सहा आसनी रिक्षा भरेपर्यंत उन्हात उभं राहायचं. त्यामुळे आत्याच्या मुलीला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या सोडतीत तळोज्याला घर लागलं तेव्हा करंजाच्या घरात पेढ्यांच्या आधी कुरकुर ऐकू आली. "एवऱ्या लांब कोन जातंय!" असं म्हणून आत्याने तो विषय बंदच करून टाकला होता. शेवटी मीच तिला बाहेर काढलं. बेलापूरपर्यंत लोकल आणि तिथून तळोज्याजवळच्या पेंधरपर्यंत मेट्रो, एकही एसटी नाही, असं कबूल करून.

उरणची लोकल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. अटल सेतूचं लोकार्पणही त्याच दिवशी होतं. सगळे कॅमेरे पुलाकडे वळले आणि आमची गाडी कोपऱ्यात राहिली, पण उरणच्या माणसाला रोजच्या कामाला पुलापेक्षा गाडीच जास्त उपयोगी पडली, असं माझं मत आहे. या मार्गावर गाड्या कमी असतात, तेव्हा घरून निघतानाच वेळापत्रक बघा. सुटलेल्या गाडीच्या पाठीमागून दुसरी येईल हा हार्बर मार्गावरचा हिशेब इथे चालत नाही. काही गाड्या बेलापूरला जातात, काही नेरूळला. मेट्रोसाठी बेलापूरची हवी. नेरूळची मिळाली तर सीवूड्स-दारावेला उतरा आणि पनवेलकडे जाणारी लोकल पकडा, पुढचंच स्टेशन बेलापूर.

बेलापूर हे कोकणातल्या माणसाला वेगळ्या कारणाने माहीत असतं. कोकण विभागाच्या सरकारी कचेऱ्यांचं कोकण भवन इथे, सिडको भवन इथे, कोकण रेल्वेचं मुख्यालय इथे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून जमिनीची अपिलं आणि फाइली घेऊन माणसं पहाटे निघतात, अकराला पोचतात आणि "साहेब मीटिंगला गेलेत, चारला या" हे ऐकून बाहेर येतात. अशा मंडळींना माझा सल्ला आहे की, कॅन्टीनमध्ये चौथा चहा घेण्यापेक्षा मेट्रोने पेंधरला जाऊन परत या. डबा थंडगार असतो, जाण्याचं तिकीट ३० रुपये, तेवढंच येण्याचं, आणि चारच्या आत आरामात माघारी पोचता.

रेल्वे स्टेशनातून मेट्रोचं बेलापूर टर्मिनल सरळ लागत नाही. बाहेर पडून रस्त्याने चालत जावं लागतं. पावसाळ्यात छत्री बॅगेच्या तळाशी ठेवू नका. माझ्या मते या मार्गाचा सगळ्यात मोठा दोष हाच. लोकलच्या पुलावरून थेट मेट्रोच्या फलाटावर उतरता आलं असतं तर गर्दी दुप्पट झाली असती. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर घाई न करता जा. एकदा मेट्रो स्थानकात शिरलं की लिफ्ट आणि सरकते जिने आहेत.

खिडकीवर क्यूआर छापलेलं कागदी तिकीट मिळतं. ते टाकून देऊ नका, बाहेर पडताना फाटकावर पुन्हा लागतं. सुरुवातीला या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० रुपये पडायचे. सप्टेंबर २०२४ मध्ये दर उतरवले, आता कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ३०. सुट्टे पैसे जवळ असलेले बरे.

सामान तपासणीच्या यंत्रावर आत्याची कापडी पिशवी सरकली आणि पडद्यावर काय दिसलं कोण जाणे, पोरगेलासा सुरक्षारक्षक दोन पावलं पुढे आला.

"मावशी, यात काय आहे?"

"सुकट हाय. लेकीला."

त्याने पिशवीच्या तोंडाची गाठ सैल केली आणि लगेच तितक्याच घाईने परत बांधली. वासाने सगळं सांगितलं होतं. "जा मावशी, पण गाडीत सोडू नका हां," एवढंच बोलला. तेव्हा सुकट, बोंबील, जवळा जे काही न्यायचं असेल ते दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून न्या. डबा बंद आणि वातानुकूलित असतो, वास उतरेपर्यंत जात नाही.

गाडी तीन डब्यांची. बारा डब्यांच्या लोकलमधून उतरून आलेल्याला ती छोटीशीच वाटते. रूळही वेगळे. लोकल १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर धावते, ही १४३५ च्या स्टँडर्ड गेजवर. वीज मात्र लोकलसारखीच वरच्या तारेतून, २५ हजार व्होल्टची. डबे चीनमध्ये बनलेले आहेत. आसनं भिंतीला पाठ लावून बसायची. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा : पेंधरकडे जाताना डोंगर डाव्या हाताला येतो, पण तो बघायचा तर उजव्या बाजूच्या आसनावर बसा. समोरच्या खिडकीतून सगळं दिसतं. डावीकडे बसलात तर मान मोडेल.

आता थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर ही नुसती ११ किलोमीटरची गाडी वाटते.

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायची म्हणून मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातखाचरं, मिठागरं, खाजण, सगळंच त्यात आलं. १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला. रेल्वे यायला मात्र १९९२ चा मे महिना उजाडला, तीही आधी मानखुर्दहून वाशीपर्यंतच. त्या रेल्वेच्या खर्चातला जवळपास दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला. तो पैसा भूखंड विकूनच यायचा, आणि भूखंड कुणाच्या जमिनीवर पडले होते हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे.

जमिनीच्या भावासाठी झालेलं आंदोलन उरण तालुक्यातलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघरच्या बाजूला पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. दि. बा. पाटील त्या लढ्याचे पुढारी. त्यातूनच पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना आली. आत्याचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. ती त्याबद्दल फार बोलत नाही, पण 'साडेबारा टक्के' हे शब्द उच्चारले की तिचा आवाज चढतो. तिच्या सासरचा भूखंड कधीच विकला गेला आणि आता लेक त्याच सिडकोच्या इमारतीत हप्ते भरून राहते, या हिशेबाचं उत्तर माझ्याकडे तरी नाही.

मेट्रोचं भूमिपूजन १ मे २०११ ला झालं. मग खांब उभे राहिले आणि नुसतेच उभे राहिले. ठेकेदार अडले, मुदती सरल्या, खारघरच्या शाळेत पहिलीला गेलेली पोरं कॉलेजला लागली. आधी सेंट्रल पार्क ते पेंधर हा तुकडा तयार झाला, पण तेवढाच सुरू करून कुणाचं भलं होणार होतं? अखेर मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रो या सरकारी कंपनीकडे काम सोपवल्यावर गाडं हललं आणि १७ नोव्हेंबर २०२३ ला, मोठ्या उद्घाटन समारंभाची वाट न पाहता, गाडी सुरू झाली. गाड्या चालवते महामेट्रोच, मालकी सिडकोची.

मार्गावर ११ स्थानकं आहेत : बेलापूर टर्मिनल, आरबीआय कॉलनी, बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, खारघर गाव, सेंट्रल पार्क, पेठपाडा, अमनदूत, पेठाली-तळोजा आणि पेंधर. यादी वाचली तरी शहर कसं बसलंय ते कळतं. निम्मी नावं जुन्या आगरी गावपाड्यांची, बाकीची सोसायट्या, चौक आणि बागेची.

आरबीआय कॉलनी सोडल्यावर गाडी सायन-पनवेल महामार्ग ओलांडते. खाली मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असते. आत्याने तिथे पहिल्यांदा खिडकीकडे मान वळवली. पुढे उत्सव चौक. पनवेलच्या बाजूने येणाऱ्यांनी बेलापूरपर्यंत उलटं जायची गरज नाही. खारघरला लोकलमधून उतरून रिक्षाने उत्सव चौकाला या आणि तिथून मेट्रो धरा. टाटाच्या खारघरच्या कर्करोग केंद्रात उपचारासाठी कोकणातून बरीच माणसं येतात. त्यांनी लक्षात ठेवावं की मेट्रो त्या दारात जात नाही, शेवटचा टप्पा रिक्षाचाच. पेशंट थकलेला असेल तर स्टेशनपासून थेट रिक्षाच केलेली बरी.

खारघर गाव ते सेंट्रल पार्क हा माझ्या आवडीचा पट्टा. पावसाळ्यात खारघरचा डोंगर हिरवागार होतो आणि कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा उतरतात. पांडवकड्याचा धबधबा याच बाजूचा. तिथे बुडून कित्येक पोरं गेली आहेत, पावसाळ्यात जायला बंदी असते आणि पोलिस उभे असतात. लांबून बघा, पुरे. सेंट्रल पार्कला मात्र जरूर उतरा. बाग ऐसपैस आहे, मुलं घेऊन जाणाऱ्यांनी संध्याकाळची वेळ धरावी, दुपारी सावली कमी. जवळच इस्कॉनचं मोठं मंदिर आहे, जानेवारी २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. देवळाच्या निमित्ताने बाग आणि बागेच्या निमित्ताने देऊळ, अशी दोन पिढ्यांची सोय एकाच स्थानकात होते.

पेठपाडा, अमनदूत पटकन मागे पडतात. इमारती, क्रेन, पुन्हा इमारती. पेठालीपासून मोकळं माळरान दिसायला लागतं आणि त्यात मध्येच पंधरा-वीस मजल्यांचे ठोकळे. टोकापासून टोकापर्यंत साधारण अर्धा तास. पेंधरला उतरून आत्याने आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "हिथं तर अजून चिखलच हाय." लेकीच्या घरी पोचल्यावर मात्र दहाव्या मजल्यावरून दिसणारा डोंगर तिने तीनदा बघितला.

पेंधरला मार्ग तुटल्यासारखा संपतो. सिडकोच्या आराखड्यात तो पुढे तळोजा एमआयडीसी, खांदेश्वर आणि नवी मुंबई विमानतळापर्यंत जायचा आहे, सगळे टप्पे मिळून सुमारे २६ किलोमीटर. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, पण मेट्रो अजून तिथवर गेलेली नाही. त्यामुळे सामान घेऊन विमान पकडायला या मार्गाचा उपयोग नाही, कुणी सांगितलं तरी ऐकू नका. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना पेंधरहून रिक्षा लागते. बसण्याआधी भाडं ठरवा, शेअर की स्पेशल तेही विचारा, नाहीतर उतरताना वाद ठरलेलाच.

दिवा-पनवेल मार्गावरचं तळोजे पाचनंद स्टेशनही रिक्षाच्या अंतरावर आहे. नकाशात ते मोहात पाडतं. पण त्या मार्गावर गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळ नक्की माहीत असेल तरच तो रस्ता धरा. कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्यांना तो बरा पडतो.

गाड्या सुरुवातीला दर १५ मिनिटांनी होत्या, पुढे गर्दीच्या वेळी त्यांतलं अंतर कमी केलं. सकाळी बेलापूरकडे येणारी गाडी भरलेली असते, त्या वेळी उलट्या दिशेने, म्हणजे पेंधरकडे, मोकळी बाकं मिळतात. फिरायलाच येणार असाल तर दुपारी अकरा ते चारमध्ये या. रात्री दहानंतर मेट्रोच्या भरवशावर राहू नका.

उरणकडे परतणाऱ्यांनी वेळ उलटीकडून मोजायची : आधी बेलापूरहून सुटणारी उरणची गाडी ठरवा, त्यातून मेट्रोचा अर्धा तास, बेलापूरचं चालणं आणि तिकिटाची रांग वजा करा, आणि मगच लेकीच्या घरून पाय काढा. दुसऱ्या चहाला बसलात तर गाडी जाणार. चुकलीच तर बेलापूरहून लोकलने पनवेल गाठा. तिथल्या डेपोतून उरणची एसटी मिळते.